सहा आठवड्यांचा गॅस इंजिनिअर

आमच्या इमारतीत आठ बिऱ्हाडं आहेत, आणि त्या आठही बिऱ्हाडांचा गॅस मी एका दिवसात, कोणाचीही मदत न घेता बंद केला. लोक ही हकिकत सांगताना मी काहीतरी मोडतोड केल्यासारखं सांगतात. तसं काही नाही. गॅस बंद करण्याची एक पद्धत असते. फॉर्म भरावा लागतो, मीटरजवळचा कॉक फिरवावा लागतो, आणि त्यावर लाल चिठ्ठी चिकटवावी लागते. मी तिन्ही गोष्टी आठही घरांत नीट केल्या. चिठ्ठी तर इतकी सरळ चिकटवली होती की शेजाऱ्यांनी निदान तेवढ्याचं तरी कौतुक करायला हवं होतं.

चोवीस वर्षं मी एका कचेरीच्या रेकॉर्ड विभागात होतो. मग एक दिवस सगळं रेकॉर्ड काडेपेटीएवढ्या डबीत मावतं असं वरच्या लोकांच्या लक्षात आलं, आणि आम्ही सात जण तिथे मावेनासे झालो. वय एक्कावन्न. या वयात घरी बसलेल्या माणसाला सल्ले फार मिळतात. दुसऱ्या मजल्यावरचे विमावाले म्हणाले, "पुढचा काळ हातात कसब असणाऱ्याचा आहे." हे गृहस्थ स्वतः भिंतीत खिळा ठोकायलाही माणूस बोलावतात. इमारतीचे सचिव म्हणाले, "आता या वयात कशाला दगदग? सकाळी फिरायला जात जा." सकाळी फिरायला जाणारी माणसं मी पाहिली आहेत. ती दुपारीही फिरतच असतात.

तेवढ्यात ती जाहिरात दिसली: 'सहा आठवड्यांत गॅस इंजिनिअर व्हा.' मी कागद बायकोपुढे ठेवला.

"अहो, पाना कुठल्या हातात धरतात हे तरी माहीत आहे का तुम्हाला?" ती म्हणाली.

"ते दुसऱ्या आठवड्यात आहे," मी म्हणालो.

ती हसली, पण नाव घालायला तीच बरोबर आली. परत येताना म्हणाली, "हे बघा, हसू झालं तरी चालेल. पण अर्ध्यात सोडून येऊ नका. दुपारभर कपाटं लावत बसलेले तुम्ही मला बघवत नाही." कपाटं मी खरोखरच लावत होतो. आमच्या मसाल्याच्या डब्यांना त्या वेळी क्रमांक होते.

वर्गात आम्ही सोळा जण होतो. त्यात बँकेतले दोघे, एक संगीतशिक्षक आणि एक माजी निवेदक. सर घाईत असत. पहिल्या सोमवारी गॅस म्हणजे काय, मंगळवारी तो नळातून कसा येतो आणि बुधवारी तो गळला तर काय, असा आमचा प्रवास झाला. मधेच सरांना सर्दी झाली आणि दोन दिवस बुडाले. ते भरून काढायला 'सांधे' आणि 'धुराडी' हे दोन धडे एकाच दुपारी उरकले, आणि 'उपकरणांची निगा' हा धडा घरी वाचा म्हणून सांगितलं. संगीतशिक्षक म्हणाले, घरी वाचायचा धडा परीक्षेत येत नाही, असा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव आहे. आम्ही त्यांच्या अनुभवाचा मान राखला.

खरी मेख शेवटी होती. वर्ग संपल्यावर एक काम एखाद्या कार्डवाल्या, म्हणजे परवाना असलेल्या, माणसाच्या देखरेखीखाली करायचं, त्याची वहीत सही घ्यायची, आणि वही महिनाअखेरच्या शनिवारी जमा करायची. मग परीक्षा, मग आपलं कार्ड. शनिवार चुकला की सगळं पुन्हा पहिल्या सोमवारपासून, म्हणजे गॅस म्हणजे काय इथपासून. आणि पुढच्या तुकडीत जागा कधी निघेल ते तिथल्या कारकुनालाही माहीत नव्हतं. मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अर्ज करा, कळवू." हे वाक्य मी स्वतः चोवीस वर्षं लोकांना ऐकवलेलं असल्यामुळे त्याचा अर्थ मला ठाऊक होता.

आमच्या भागात कार्डवाला माणूस एकच, मिस्त्री. वय पासष्टच्या पुढे, बोटं गाजरासारखी, बोलणं मोजकं. आमच्या सबंध इमारतीची गॅसची कामं त्यांचीच. आपण केलेल्या प्रत्येक सांध्यावर ते निळ्या रंगाचा एक ठिपका देतात. उद्या काही झालं तर कोणाला बोलवायचं ते कळावं म्हणून. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"सहा आठवडे?" त्यांनी विचारलं.

"फास्ट ट्रॅक," मी म्हणालो.

"मला माझ्या वस्तादांनी दोन वर्षं नुसती पिशवी धरायला लावली होती." वही परत देत ते म्हणाले, "मी चार दिवस मुलीकडे चाललोय. तोवर स्वतःच्या घरची तपासणी करून ठेवा, साहेब. आल्यावर बघतो. बरोबर असली तर सही."

ते 'साहेब' मला बोचलं. पण सही त्यांच्याकडे होती.

दुसऱ्याच दिवशी मी घरच्या मीटरला गेज लावलं. गेज म्हणजे पाणी भरलेली वाकडी काचेची नळी आणि तिला जोडलेली हातभर रबरी नळी. गॅसची वाट बंद करायची आणि दोन मिनिटं पाण्याच्या पातळीकडे बघत राहायचं. पातळी जागची हलली नाही तर सगळं ठाकठीक. हळूहळू उतरली तर गॅस कुठेतरी गळतोय. माझी पातळी उतरली. पुन्हा बघितलं, पुन्हा उतरली.

बायको शेजारी उभी होती. "वास तर काही येत नाहीये," ती म्हणाली.

"वासावर जायचं नसतं. आकडा बघायचा."

मग मी सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. गळत असेल तिथे बुडबुडे येतात. एकही आला नाही. दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. पण मी रेकॉर्ड विभागातला माणूस. आमच्याकडे एकदा कागदावर जिन्याला चौदा पायऱ्या होत्या आणि मोजणाऱ्याला तेरा भरल्या. आम्ही कागद तसाच ठेवला आणि मोजणाऱ्याला पुन्हा पाठवलं. तेव्हा बुडबुडे नाहीत याचा अर्थ मी असा काढला की गळती भिंतीच्या आत आहे. फॉर्ममध्ये लिहिलंसुद्धा: 'निळ्या ठिपक्यांच्या सांध्यांपलीकडे, अदृश्य.'

नियम असा की धोका दिसला तर शिकाऊ माणूसही गॅस बंद करू शकतो. सुरू मात्र कार्डवाल्यानेच करायचा. मी कॉक फिरवला आणि चिठ्ठी चिकटवली. बायकोने शेगडीवरच्या पातेल्याकडे बघितलं. ते अर्धं शिजलं होतं.

"मिस्त्री कधी येणार?"

"परवा संध्याकाळी."

"बरं," ती म्हणाली. लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या माणसाला या 'बरं'चे प्रकार कळतात. हा सगळ्यात वाईट प्रकार होता.

खरं तर एवढ्यावर भागायला हरकत नव्हती. पण सचिव दारावरून चालले होते, त्यांना चिठ्ठी दिसली. चिठ्ठी लाल, त्यात माझा चेहरा गंभीर. "आमचंही बघता का जरा?" त्यांनी विचारलं. फुकटात बघणारा माणूस मिळाला की आपल्या लोकांना आपल्या घरात काहीतरी बिघडलंय असं वाटायला लागतं. सचिवांच्या घरी पातळी उतरली. त्यांच्या समोरच्यांकडे उतरली. विमावाल्यांकडे उतरली तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. "मी सांगतच होतो, धोका कुठे दबा धरून बसलाय ते कळत नाही," असं म्हणत त्यांनी जिन्यातच दोघांना दोन योजना समजावून दिल्या.

शेवटचं घर तिसऱ्या मजल्यावरच्या हेडबाईंचं. निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्या राहतात, इमारतीत सगळे त्यांना वचकून असतात. त्यांच्याकडे पातळी उतरल्यावर त्यांनी माझी लाल चिठ्ठी चष्मा लावून वाचली, दोन चुका पेनाने दुरुस्त केल्या आणि मगच चिकटवू दिली.

"तुमची खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

"आकडा समोर आहे, बाई."

"मी आकड्याबद्दल विचारलं नाही," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

त्यानंतरचे दोन दिवस मी आठवू इच्छित नाही. इमारतीत ब्रेड, फळं आणि थंड दूध यांवर माणसं जगत होती. सचिवांकडे विजेची किटली निघाली. तिच्यापुढे सकाळी जी रांग लागे ती मला बघताच बोलायची थांबे. गार पाण्याने अंघोळ केलेली सात घरं मला जिन्यात भेटत, आणि प्रत्येकाच्या केसांतून पाणी माझ्यावरच टपकतंय असं मला वाटे. विमावाल्यांनी तर पाहुण्यांना माझी ओळख "हे आमचे बंदवाले" अशी करून दिली, आणि दुपारपर्यंत ते नाव खालच्या वाण्यापर्यंत गेलं.

मी गॅस कंपनीला फोन लावला. अर्धा तास संगीत ऐकल्यावर एक बाई आल्या.

"गॅस कधीपासून बंद आहे?"

"कालपासून. आठ घरांचा."

"बंद कोणी केला?"

"मी."

"मग तक्रार कोणाविरुद्ध नोंदवू?"

मी जरा विचार केला. "नोंदवू नका," म्हणालो.

"कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. रकाना मोकळा ठेवता येत नाही, हे मीच नवीन मुलींना शिकवत असे.

मिस्त्री आले ते थेट स्टँडवरून, हातात पिशवी तशीच. सचिवांनी त्यांना खालीच गाठलेलं दिसत होतं, कारण ते वर आले तेव्हा त्यांच्यामागे अर्धी इमारत होती. मी फॉर्म पुढे केले. ते त्यांनी घेतले नाहीत. "गेज द्या," म्हणाले.

त्यांनी गेज मीटरला लावलंच नाही. रबरी नळीचं एक टोक अंगठ्याने बंद केलं, दुसरीकडून फुंकत नळी माझ्या साबणाच्या पाण्यात बुडवली. टोकापासून चार बोटांवर बुडबुड्यांची एक सुरेख माळ वर आली.

नळीला चीर होती. गळत होतं ते माझं गेज. आठ घरांत मी एकच गळती हातात घेऊन फिरलो होतो.

"उपकरण आधी तपासायचं असतं," मिस्त्री म्हणाले. "शिकवलं नाही?"

"घरी वाचायला दिलं होतं," मी म्हणालो.

हसायला सुरुवात कोणी केली ते मला कळलं नाही, पण शेवटी विमावाल्यांचाच आवाज राहिला होता. बायको हसली नाही. ती म्हणाली, "चला, प्रत्येक घरी जाऊन सांगून येऊ. मी येते बरोबर." त्या क्षणी मला फार लाज वाटली. ती हसली असती तर बरं झालं असतं.

तर अशी आमची वरात निघाली. पुढे मिस्त्री, मागे आम्ही दोघं, त्यामागे हौशी मंडळी. प्रत्येक दारात मी म्हणायचो, "माझी चूक होती, माफ करा." मिस्त्री आपल्या चांगल्या गेजने बघायचे, चिठ्ठी नखाने सोलायचे, कॉक उघडायचे. निळ्या ठिपक्यांचे सगळे सांधे ठणठणीत होते आणि ते दर वेळी मला दाखवून द्यायला ते विसरत नव्हते. सात घरं झाली. वही माझ्या काखेत होती. दुसऱ्या दिवशी शनिवार. सही मागावी म्हणून मी योग्य क्षणाची वाट बघत होतो, पण तसा क्षण सात मजले असते तरी आला नसता.

हेडबाईंनी दार उघडलं. मी माझं वाक्य म्हटलं.

"अस्सं," त्या म्हणाल्या. "पण मला काही एवढा त्रास झाला नाही. उलट दोन दिवस डोकं दुखलं नाही माझं. नाहीतर रोज सकाळी अंघोळ झाली की दुखायला लागतं ते दुपारपर्यंत. दोनदा चष्म्याचा नंबर बदलून झाला."

मिस्त्री चिठ्ठी सोलत होते. माझ्या डोक्यात सरांचा तो घाईचा दुपारचा धडा सुरू झाला. घरात डोकं दुखतं, बाहेर दुखत नाही, असं कोणी सांगितलं तर आधी धुराडं बघा. गॅस नीट जळला नाही किंवा धूर बाहेर गेला नाही तर जो वायू साचतो त्याला वास नसतो. तो माणसाला आधी डोकेदुखी देतो आणि मग झोपवतो.

"मिस्त्री, सुरू करू नका," मी म्हणालो.

मागे कोणीतरी "आता काय" म्हणालं.

"धुराडं बघू या. गिझरचं."

मिस्त्री सावकाश वळले. तो गिझर त्यांनीच बसवलेला. धुराड्याच्या जोडावर निळा ठिपका मला इथूनही दिसत होता. "बारा वर्षं चालतोय," ते म्हणाले. "साहेब, आज तुमचं पुरेसं झालं नाही का?"

सचिव म्हणाले, "अहो, राहू द्या आता." विमावाले म्हणाले, "बंदवाल्यांना हात आवरत नाही." मी बायकोकडे बघितलं. ती म्हणेल ते मी ऐकलं असतं. ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?" मला काय वाटतं हे त्या दोन दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. मी स्वतःही आकड्यालाच विचारत होतो.

"मला भीती वाटते," मी म्हणालो. "हे सुरू झालं तर बाईंचं काय होईल याची."

वर्गात मिळालेली धुराची काडी खिशात होती. मी न्हाणीघरात गेलो, ती पेटवून गिझरच्या तोंडाशी धरली. धूर वर ओढला जायला हवा. तो थोडा वर गेला, घुटमळला, आणि वळून सरळ माझ्या तोंडावर आला. मी खोकत बाजूला झालो. मिस्त्रींनी काडी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः धरली. धूर त्यांच्याही तोंडावर आला. ते तिथेच उभे राहिले, काडी संपेपर्यंत.

मी खिशातून दुसरी लाल चिठ्ठी काढली. ज्या माणसाची सही मला दुसऱ्या दिवशी सकाळी हवी होती, त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्याच कामावर मी ती चिकटवली. या वेळी ती तिरकी लागली.

मिस्त्री पिशवी उचलून गेले. वहीही मी पुढे केली नाही.

शनिवारी दुपारी एकपर्यंत मी घड्याळाकडे बघत बसलो. एकला खिडकी बंद होते. संगीतशिक्षकांचा फोन आला, त्यांची वही जमा झाली होती. मी त्यांचं अभिनंदन केलं आणि फोन ठेवल्यावर मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. बायको शेजारी येऊन बसली. मसाल्याच्या डब्यांवरचे क्रमांक मात्र तिने सकाळीच काढून टाकले होते.

मंगळवारी मिस्त्री शिडी घेऊन आले. मला खालून हाक मारली, नुसतं "या" म्हणाले. बाहेरच्या बाजूने धुराडं उघडलं तर आत पाखरांनी काड्या, कापूस, दोरा असं काय काय घट्ट ठासून ठेवलेलं. मिस्त्रींनी ते बादलीत काढलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"पहिल्या वर्षी जाळी लावायची राहिली माझी," ते म्हणाले. "मग दरवर्षी सांधे बघत होतो. सांधे चांगलेच होते."

जाळी बसवून आम्ही आत आलो. हेडबाई होत्या, बायको होती, आणि कोणी बोलावलं नसताना सचिव व विमावाले होते. मिस्त्रींनी चिठ्ठी काढली, कॉकवर हात ठेवला आणि थांबले.

"बोला," ते मला म्हणाले.

"मी कसं बोलणार? माझ्याकडे कार्ड नाही."

"कार्ड माझ्याकडे आहे. ते मी उघडायला वापरीन. उघडू की नको, ते तुम्ही सांगा."

तीस वर्षं हेच काम केलेला माणूस कॉकवर हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, "थांबा, धूर बघतो." कोणी उसासासुद्धा टाकला नाही. काडी पेटवली. धूर उभा वर गेला. मी पुन्हा दुसरी पेटवली, तिचाही धूर वर गेला. मग त्यांनाच नव्या नळीचं गेज लावायला सांगितलं आणि पूर्ण दोन मिनिटं मोजली. विमावाले हळूच घड्याळ बघत होते.

"करा सुरू," मी म्हणालो.

गिझर पेटला, तशी धुराची तिसरी काडी धरली. तोही धूर वर गेला. हेडबाईंनी नळाखाली हात धरला आणि पाणी गरम येईपर्यंत काढला नाही.

मिस्त्री म्हणाले, "वही आणा."

"शनिवार गेला," मी म्हणालो. "आता पुन्हा पहिल्यापासून."

"तुमचा शनिवार मला माहीत नाही. काम झालंय, सही करायची असते."

बायको खाली जाऊन वही घेऊन आली. मिस्त्रींनी कामाच्या पानावर सही केली. खाली देखरेख करणाऱ्याच्या शेऱ्याचा रकाना होता. तो भरावाच लागतो असं नाही. त्यांनी हेडबाईंचं पेन मागून घेतलं आणि गाजरासारख्या बोटांनी, एकेक अक्षर थांबत थांबत लिहिलं: 'काम माझं होतं. यांनी बंद केलं. बरोबर केलं.'

हेडबाईंनी चष्म्यातून ते वाचलं आणि पेन परत घेतलं, काही दुरुस्त न करता. मी वहीसाठी हात पुढे केला. पण बायकोने ती आधीच उचलली होती, आणि ती उघडी तशीच धरून जिना उतरायला लागली होती.